सांगलीतून निवृत्तीनंतर थायलंडला राहायला जायचंय. तिथे बंगला घेता येईल का?

बंगला विसरा, फ्लॅटचं बघा. थायलंडमध्ये परदेशी माणसाच्या नावावर जमीन होत नाही. फ्लॅट होतो, पण इमारतीतल्या एकूण विक्रीयोग्य क्षेत्रफळापैकी जास्तीत जास्त ४९ टक्केच परदेशी लोकांच्या नावावर असू शकतं. त्यामुळे इसार देण्याआधी त्या इमारतीत तेवढी जागा शिल्लक आहे का, ते लेखी घ्या. "स्थानिक माणसाच्या नावाने कंपनी काढू, जमीन तिच्या नावे घेऊ" असं एजंट सांगेल. ते बेकायदा आहे. आपल्याकडे विश्रामबागेत फ्लॅट घेताना सातबारा, सर्च रिपोर्ट काढणारी माणसं परदेशात ब्रोशर बघून पैसे देतात, हे मला कधी कळलेलं नाही.

पैसे बँकेतूनच पाठवा. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. वर्षात १० लाख रुपयांच्या वर जे जाईल त्यावर २० टक्के टीसीएस, म्हणजे बँक आगाऊ वसूल करते तो आयकर, कापला जातो. रिटर्न भरल्यावर तो वळता होतो, पण तोवर अडकून पडतो. रक्कम तिथे परकीय चलनातच पोचली पाहिजे, नाहीतर फ्लॅट नावावर नोंदवताना अडतं. इथल्या रिटर्नमध्ये परदेशी मालमत्ता दाखवायला विसरू नका.

आणि घर घेतलं म्हणून व्हिसा मिळत नाही. निवृत्तीचा वेगळा असतो: वय ५० पूर्ण आणि साधारणपणे थाई बँकेत ८ लाख बाथ. आधी वर्षभर भाड्याने राहा, काकूंनाही विचारा.