डल्सिमरवाल्यांची बैठक आणि शेजारची पेटी

प्रश्न : मास्तर, माझा भाचा अमेरिकेहून माउंटन डल्सिमर, म्हणजे मांडीवर ठेवून वाजवायचं तारवाद्य, घेऊन आला आणि जाताना माझ्याकडेच ठेवून गेला. वर्षभर वाजवतोय. ओळखीपाळखीतून आणखी तिघे सापडले, दोघे म्हापशाचे, एक मडगावचा. मागच्या महिन्यात आमच्याकडे पहिल्यांदाच एकत्र बसलो. कार्यक्रम वगैरे नाही, नुसतंच बसायचं. पण जमलं नाही. अर्धा वेळ तारा लावण्यात गेला, मग शेजारचे काका पेटी घेऊन आले आणि शेवटी आम्ही चौघे त्यांचंच ऐकत बसलो. पुन्हा बोलवू का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : बोलवा की. काकांनाही बोलवा, पण चहाला. चाळीस वर्षं पेटी शिकवून मीच हे सांगतोय. डल्सिमरचा आवाज तुमच्या मांडीवरून निघून समोरच्याच्या मांडीपर्यंत जेमतेम पोचतो. तिथे भाता हलला की तुमचं संपलं. छताचा पंखासुद्धा त्याला जड जातो. म्हणून पुढची बैठक डिसेंबर-जानेवारीत ठेवा, पंखा बंद करून बसता येईल.

आता तारांचं. हे वाद्य पहिल्यांदा माझ्यासमोर आलं तेव्हा मी त्याला संतूरचा भाऊ समजलो होतो. संतूरचा भाऊ तो याच नावाचा दुसरा डल्सिमर, काड्यांनी वाजवायचा. तुमच्याला मला बुलबुल तरंग जवळचा वाटतो : एका बाजूच्या तारेवर चाल, बाकीच्या नुसत्या सूर धरून. आणि पडदे म्हणजे पेटीच्या फक्त पांढऱ्या पट्ट्या, काळी एकही नाही. (नव्या वाद्यांत सहाव्या-सातव्याच्या मध्ये एक जास्तीचा पडदा असतो. तूर्त तो नाहीच असं समजा.)

त्यामुळे सा कुठे धरता त्यावर सगळं ठरतं. मोकळ्या तारेवर धरला तर खमाज थाट (थाट म्हणजे रागांचा सात सुरांचा साचा). पहिल्या पडद्यावर आसावरी, तिसऱ्यावर बिलावल, चौथ्यावर काफी, पाचव्यावर भैरवी, सहाव्यावर कल्याण. भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी सहा झाले की! भैरव, पूर्वी, मारवा, तोडी मिळत नाहीत, त्यांचा हट्ट नको. पण धरलेले सूर जागचे हलत नाहीत, म्हणून थाट बदलला की चालीची तार पुन्हा लावावी लागते. बिलावलाला सा-प-प, खमाजाला सा-प-वरचा सा (शेवटचा सूर चालीच्या तारेचा). तुमच्यातल्या एकाने पहिली लावली असणार आणि दुसऱ्याने दुसरी. अर्धा वेळ तिथेच गेला.

यावर जुन्या लोकांचा उपाय साधा आहे. हे वाद्य अमेरिकेतल्या अपलाचियन डोंगरातलं, जर्मन लोकांनी नेलेल्या शाइटहोल्ट नावाच्या लांबट वाद्यावरून आलेलं. केंटकीच्या नॉट काउंटीत जे. एडवर्ड थॉमस नावाचा कारागीर 1871 पासून ते बनवत होता. त्याच राज्यातल्या जीन रिची या बाईंनी पुढे ते न्यूयॉर्कला नेऊन नावारूपाला आणलं. लहानपणी त्यांच्या वडिलांनी आपल्या डल्सिमरला हात लावायचा नाही असं बजावलं होतं, बाईंनी तो चोरून वाजवला. तर त्या डोंगरी बैठकांत गोल करून बसतात आणि तारा एकदा लावल्या की त्याच सुरांत बराच वेळ राहतात. एकच चाल सगळे मिळून वाजवतात, पुन्हा पुन्हा. ज्याने सुरू केली तो पाय उचलतो, म्हणजे हा शेवटचा फेरा. समोर श्रोते नसतात.

ओळखीचं वाटतंय ना? चवथीला घरोघरी घुमट-शामेळावर आरत्या होतात, तिथे ऐकायला कोण बसतं? ज्याला पाठ नाही तो टाळ्या वाजवतो, तिसऱ्या कडव्याला त्यालाही येतं. तुम्ही चौघांनी एका संध्याकाळी एकच थाट घ्यावा, बिलावल घ्या, आणि दोनच चाली. प्रत्येक दहा-बारा वेळा. चौथ्या फेऱ्यापर्यंत हात चाचपडतील, सातव्यापासून मजा यायला लागेल. कॉर्ड (एकदम अनेक सूर) धरायचा मोह म्हापसेकरांपैकी एकाला तरी होणार. त्याला बांबूची बोटभर काडी तासून द्या आणि म्हणा, बोटं नकोत, चालीची तार हिनेच दाब. काडी पडद्यांवरून घासत जाताना जो बारीक आवाज येतो, तो या वाद्याचाच आहे, पुसायला जाऊ नका. दुसऱ्या हातात, तारा छेडायला, तिकडे पूर्वी पिसाची दांडी असायची. आइस्क्रीमच्या डब्याच्या झाकणाची पट्टी कापलीत तरी चालेल.

पावसाळ्यात मात्र जपा. लाकडी खुंट्या असतील तर फुगून घट्ट बसतात. जोर लावू नका, काढून सुका साबण चोळा. वाजवून झालं की तारा सुक्या फडक्याने पुसायच्या, नाहीतर आपल्या हवेत लगेच गंज धरतात.

जानेवारीची तारीख ठरली की कळवा. मी येईन, पेटी घरी ठेवून.