घोडं नेमकं कुठे पेंड खातंय?

"ताई, मी ३४ वर्षांची, आयटीत नोकरी. दोन वर्षांपूर्वी सारंगखेड्याच्या बाजारातून हौसेनं घोडा आणला, बादल. मुळशीच्या बाजूला एका तबेल्यात असतो. गेल्या महिन्यात रात्री दीडला त्याला पोटशूळ झाला. डॉक्टर आले, पहाटेपर्यंत थांबले, बादल वाचला. तबेल्याचे मालक फोनवर 'अठरा-वीस हजार धरा' म्हणाले होते. आठ दिवसांनी व्हॉट्सॲपवर बिलाचा फोटो आला, ४१,३०० रुपये! व्हिजिट ४,०००, पुन्हा इमर्जन्सी ४,०००, नळी तीन वेळा ६,०००, सलाईन २४ लिटर ७,२००, इंजेक्शनं ५,६००, रक्त तपासणी ३,०००, मदतनीस १,५००, किरकोळ ३,७०० आणि वर १८ टक्के जीएसटी. मालक म्हणतात, विचारू नका, डॉक्टर दुखावले तर पुढच्या वेळी येणार नाहीत. नवरा म्हणतो, हौसेला मोल नसतं, भरून टाक. मला झोप नाही. ज्यांनी जीव वाचवला त्यांना पैशाचं कसं विचारू? – बादलची आई"

बादलची आई,

माझ्या आजोबांचा मिरजेत टांगा होता. घोड्याच्या डॉक्टरला ते साळोत्री म्हणत, त्याला देवासारखं मानत, आणि तरी काढा किती आण्याचा, लेप किती आण्याचा हे ओसरीवर बसून त्याच्याकडून वदवून घेत. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. तुमची अडचण कृतज्ञतेची नाहीच. तुम्ही आणि डॉक्टर यांच्यामध्ये तिसरा माणूस उभा आहे आणि तोच तुम्हाला गप्प बसायला सांगतोय.

म्हणून आधी बिलाचा फोटो मोठा करून बघा. डोक्यावर नाव कुणाचं आहे, डॉक्टरांच्या दवाखान्याचं की तबेल्याचं? जीएसटी क्रमांक कुणाचा? हे विचारण्याचं कारण आहे. पशुवैद्यकीय दवाखान्यानं प्राण्याच्या उपचारासाठी दिलेल्या सेवेला जीएसटी माफ आहे. घोडा सांभाळण्याच्या सेवेला मात्र नाही. शेतीला पूरक म्हणून जनावरांच्या संगोपनाला जी सवलत मिळते, तिच्यातून कायद्यानं घोड्याला नाव घेऊन वगळलंय. तेव्हा उपचाराच्या सगळ्या रकमेवर सरसकट १८ टक्के, म्हणजे तुमचे ६,३०० रुपये, लागले असतील तर मला दाट शंका येते की डॉक्टरांचं मूळ बिल वेगळंच आहे आणि तबेल्यानं ते आपल्या कागदावर उतरवून पुढे पाठवलंय. ही शंकाच आहे, आरोप नव्हे. पण मूळ बिल मागितल्याशिवाय ती फिटणार नाही.

आता ज्या आकड्यांनी तुम्ही दचकलात, त्यांतले काही खरे असू शकतात. घोड्याला उलटी होत नाही. पोटात साठलेलं वर यायला वाटच नसते, जठर फुटायची भीती असते. म्हणून नाकातून नळी घालून ते मोकळं करतात, आणि एकदा करून भागत नाही. तीन वेळा नळी हे डॉक्टर जागे होते याचं लक्षण. २४ लिटर सलाईन ऐकून माणसाला घेरी येईल, पण चारशे किलोच्या जनावराला नुसतं नेहमीचं पाणी म्हणूनच दिवसाला वीसेक लिटर लागतं. इंजेक्शनांचंही तसंच. घोडा लोळू नये, लाथा झाडू नये म्हणून देतात त्या गुंगीच्या औषधाचा अंमल थोडाच वेळ टिकतो, पुन्हा द्यावं लागतं. इथे वाद घालू नका. औषधांची नावं, किती दिलं आणि बाटलीवरची छापील किंमत एवढं मागा; छापील किमतीच्या वर कुणालाच घेता येत नाही.

घोडं पेंड खातंय ते उरलेल्या ओळींत. व्हिजिट आणि इमर्जन्सी अशी एकाच रात्रीची दोनदा फी? रात्रीचा जादा आकार असतो, पण तो मूळ फीच्या वर किती, हे कळायला हवं. 'किरकोळ ३,७००' ही ओळ मला मुळीच पटलेली नाही. किरकोळ म्हणजे कापूस, हातमोजे, पॅराफिन. त्याचे एवढे होत असतील तर त्यालाही नाव असतं. रक्त तपासणी कशाची? पोटशुळात रक्त घेतात, खरंय. पण त्याच आठवड्यात तबेल्यातल्या सगळ्या घोड्यांचे नमुने ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या तपासणीसाठी हिसारच्या प्रयोगशाळेत गेले असतील, तर तो खर्च त्या रात्रीचा नाही. मोतद्दाराला, म्हणजे घोड्याची देखभाल करणाऱ्या माणसाला, सहज विचारा. रात्रभर बादलची दोरी त्यानंच धरली असणार. त्याची उलटतपासणी मात्र नको, उद्या त्याला तिथेच काम करायचंय.

मग डॉक्टरांना थेट लिहा, मालकांमार्फत नको. साधारण असं: "डॉक्टर, त्या रात्री तुम्ही होतात म्हणून बादल आज उभा आहे. आज २०,००० पाठवतेय. उरलेले देण्याआधी तुमचं मूळ बिल आणि उपचाराचा कागद मिळेल का? दोन व्हिजिट, रक्त तपासणी आणि किरकोळ या तीन ओळी मला समजल्या नाहीत. वेळ मिळेल तेव्हा फोन करू का?" बस. बाजारभाव, इंटरनेटवर काय वाचलं, मैत्रिणीच्या घोड्याला किती लागले, यातलं काही लिहू नका. आणि ते वीस हजार खरंच आधी पाठवा, डॉक्टरांच्याच खात्यावर. पैसे अडवून धरलेल्या माणसाच्या प्रश्नाला उत्तर कमी, चीड जास्त मिळते. तबेल्यानं डॉक्टरांचे पैसे आधीच चुकते केलेत असं निघालं, तर रक्कम तिकडे वळवा, पण डॉक्टरांची पावती बघून.

बहुतेक डॉक्टर अशा निरोपाला रागावत नाहीत. पहाटे चारला शेणा-चिखलात बसून लिहिलेल्या यादीत चूक होते, हे त्यांनाही ठाऊक असतं. बिल द्यायलाच नकार मिळाला तर गोष्ट वेगळी: २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेचं बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. पण तिथवर जायची वेळ येईल असं मला वाटत नाही. हा नंबर मालकांच्या तोंडावर मारायला वापरू नका.

मालकांशी मात्र एकदा बसावं लागेल, आणि ते माझ्या मते या बिलापेक्षा महत्त्वाचं आहे. 'अठरा-वीस धरा' हे त्यांनी कशाच्या जोरावर सांगितलं? त्या वेळी डॉक्टर पोचले तरी होते का? पुढच्या वेळेसाठी कागदावर लिहून द्या: जीव वाचवायला अमुक रकमेपर्यंत मला न विचारता उपचार करा, त्यापुढे जायचं तर रात्रीचे कितीही वाजले असोत, मला उठवा, डॉक्टरांचं बिल माझ्याच नावावर, थेट मला. शस्त्रक्रियेची वेळ आली तर नेणार की नाही, तेही आत्ताच नवऱ्याशी बोलून ठरवा. रात्री दीडला ते ठरवता येत नाही. तुम्ही अनुभवलंय.

नवऱ्याला सांगा, हौसेला मोल नसतं हे घोडा घेताना ठीक होतं.

आणि हो, बादल लीद नीट टाकतोय ना? ते तुम्ही पत्रात लिहिलंच नाहीत.

– ताई