फील्डिंगला कच्ची असलेल्या मुलीला सॉफ्टबॉलमध्ये कुठे उभं करावं?

तुम्ही विचारलंय की टीममधली एक मुलगी बॅटिंग छान करते, पण फील्डिंगला कच्ची आहे, तर तिला राइट फील्डला (मागच्या मैदानात, फर्स्ट बेसच्या बाजूला) "लपवावं" की सेकंड बेसला. उत्तर देते, पण तो "लपवावं" शब्द वाचल्यावर आधी दुसरंच सांगितल्याशिवाय राहवत नाही. मला दोन सीझन असंच लपवलं होतं.

उंच बॉलचा मला अंदाज यायचा नाही. बॅटवरून बॉल उडाला की माझं पहिलं पाऊल पुढे पडायचं आणि बॉल डोक्यावरून मागे जायचा. आमच्या सरांना हे पहिल्याच आठवड्यात दिसलं आणि त्यांनी मला राइटला पाठवलं. "तिकडे बॉल येत नाही," एवढंच म्हणाले. पुढे रोज प्रॅक्टिसला सर होम प्लेटजवळून, म्हणजे बॅटर उभी राहते तिथून, बॉल मारायचे. आधी इनफिल्ड, म्हणजे बेसजवळच्या जागा: थर्ड, शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्डच्या मधली), सेकंड, फर्स्ट. मग मागच्या मैदानातलं लेफ्ट, मग सेंटर. राइटची पाळी येईपर्यंत अंधारायला लागायचं, मग मला चार-पाच बॉल मिळायचे, तेही नीट दिसायचे नाहीत. कच्ची म्हणून राइटला, आणि राइटला म्हणून सराव नाही. मग मी सुधारणार कशी? हा प्रश्न त्या वयात मला सुचला नाही, सुचला असता तरी विचारायची हिंमत नव्हती.

दुसऱ्या सीझनची शेवटची मॅच. सातवी इनिंग, शेवटची बॅटिंग त्यांची, आम्ही 4-3 ने पुढे. दोन आउट, त्यांच्या रनर सेकंड आणि थर्डवर. बॅटरनं थर्डकडे साधा ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून जाणारा बॉल, मारला. आमच्या थर्डवालीनं तो स्वच्छ उचलला, फर्स्टला थ्रो केला, आणि थ्रो उंच गेला. फर्स्टवालीनं उडी मारली, बॉल तिच्या ग्लोव्हला घासून मागे निघून गेला, फाउल लाइनच्या बाहेर, कोपऱ्यापर्यंत. मी माझ्या जागेवर उभी होते. कोणीतरी माझ्या नावानं ओरडलं तेव्हा मी धावले. मी बॉलपर्यंत पोचले तेव्हा थर्डवरची तर आलीच होती, सेकंडवरचीही होम प्लेट ओलांडून तिच्या मैत्रिणींच्या मिठीत होती. 5-4.

सर सगळ्यांसमोर म्हणाले, "थ्रो चुकला हे खरं, पण राइटला तू होतीस, म्हणजे तिथेच संपलं."

त्या वाक्याचा राग अजून आहे. राग हरल्याचा नाही. इनफिल्डचा कुठलाही थ्रो फर्स्टकडे निघाला की राइट फील्डरनं फर्स्टच्या मागे बॅकअपला धावायचं असतं, हे मला दोन वर्षांत एकदाही कोणी सांगितलं नव्हतं. थर्डवरून फर्स्टकडे येणाऱ्या थ्रोची रेष मनात पुढे वाढवून बघा, ती फाउल लाइनच्या बाहेर जाते. ग्राउंडर थर्डकडे किंवा शॉर्टस्टॉपकडे गेलेला दिसला की राइटवालीनं त्या रेषेकडे पळत सुटायचं असतं, थ्रो हातातून सुटायच्या आधी. मी तिथे असते तर एक रन झालाच असता, थर्डवरची थांबत नव्हती. पण सेकंडवरची तेव्हा जेमतेम थर्डपाशी पोचली होती. तिला तिथेच थांबावं लागलं असतं, आणि 4-4 वर मॅच चालू राहिली असती.

ही गोष्ट मला कुठून कळली? पुढच्या वर्षी, दुसऱ्या एका टीमच्या राइटवालीकडे बघून. ती प्रत्येक ग्राउंडरला पळत होती. संपूर्ण मॅचमध्ये एकही बॉल तिच्याकडे आला नाही आणि ती मात्र घामानं भिजून बाहेर आली. मी तिला जाऊन विचारलं, तू कशाला पळत होतीस? तिनं सांगितलं. तिला हे पहिल्या दिवशीच शिकवलं होतं.

म्हणून "राइटला बॉल येत नाही" हे वाक्य मी कोणाकडूनही ऐकून घेत नाही. बहुतेक बॅटर उजव्या हातानं खेळतात आणि वेळेवर बॅट फिरली की बॉल डावीकडे जातो, इथपर्यंत ठीक. पण नवख्या मुलींची बॅट वेळेवर फिरते का? मुलींच्या फास्टपिचमध्ये, म्हणजे बॉल वेगानं टाकायच्या सॉफ्टबॉलमध्ये, पिचर (बॉल टाकणारी) 13.11 मीटरवरून टाकते. बॉल ताशी 80 किलोमीटरनं आला तरी प्लेटपर्यंत यायला त्याला 0.6 सेकंद लागतो. नवखी बॅटर उशीर करते आणि उशिरा लागलेला बॉल जातो उजवीकडे. म्हणजे तुमची पिचर जितकी वेगवान, तितकं राइटला काम जास्त. शिवाय बेसमधलं अंतर 18.29 मीटरच असल्यामुळे, राइट फील्डर पुढे उभी असेल आणि बॉल सरळ तिच्याकडे गेला, तर बॅटरला फर्स्टवर आउट करता येतं. असा आउट मी स्वतः घेतलाय. तो घेतला त्या दिवशी सरांची आठवण आली होती.

मी कॅप्टन झाले तेव्हा आमच्याकडे अशीच एक मुलगी आली. उंच बॉलला माझ्यासारखीच गोंधळायची, पण जमिनीवरून आलेला बॉल अंगावर घेऊन का होईना, थांबवायची. मी तिला सेकंडला ठेवलं. सर प्रेक्षकांत होते, ते येऊन म्हणाले, "इनफिल्डला कच्ची मुलगी? राइटला लपव तिला." मी म्हटलं, सर, सेकंडहून फर्स्टला थ्रो 18 मीटरपेक्षा कमी आहे, थर्डहून तोच जवळजवळ 26 मीटर पडतो. बॉल नुसता छातीनं अडवला तरी सेकंडवालीला तो उचलून आउट करायला वेळ मिळतो. त्यांना ते पटलं नाही. ती मुलगी तो सीझन सेकंडला खेळली आणि पुरेशी चांगली खेळली. एका मॅचला मात्र त्रास झाला. समोरच्या टीमनं लागोपाठ बंट केले (बॅट न फिरवता बॉल नुसता जवळच पाडला), आमची फर्स्टवाली बॉल उचलायला पुढे धावली आणि रिकाम्या फर्स्टवर जायचं सेकंडवालीनं, हे ती दोनदा विसरली. पण तिसऱ्यांदा विसरली नाही, कारण मधल्या वेळात मी तिच्यापाशी जाऊन ते सांगितलं होतं. सांगितल्यावर माणूस करतो. आमच्या सरांशी माझं जे भांडण आहे ते एवढंच आहे.

आता तुमचं उत्तर. "कच्ची" म्हणजे नेमकी कशात कच्ची, ते आधी बघा. उंच बॉल जमत नाही पण ग्राउंडर थांबवते, तर सेकंड. कॅच पक्के आहेत पण हातात जोर नाही, तर लेफ्ट. लेफ्टहून सेकंड आणि थर्ड दोन्ही जवळ पडतात, उलट राइटहून थर्डला थ्रो करायला चांगला हात लागतो. बॉलची भीती वाटत असेल तर थर्डला अजिबात नको, बंटच्या वेळी तिथे बेसच्याही पुढे, बॅटरच्या तोंडावर उभं राहावं लागतं. फर्स्टला तर भित्री मुलगी कधीच नको. पळायला हळू आहे पण हात पक्के आहेत, अशी मुलगी फर्स्टला चालते. मात्र "फर्स्टला नुसतं उभंच राहायचं असतं" असं म्हणून कच्च्या मुलीला तिथे ठेवतात तेव्हा मला चीड येते. इनफिल्डचे बहुतेक आउट तिच्याच ग्लोव्हमध्ये पुरे होतात.

आणि हे सगळं करूनही राइटलाच ठेवावं लागलं, तर ठेवा. मी राइटच्या विरोधात नाही. सेंटरला तुमची सगळ्यात जलद मुलगी द्या आणि तिला दोन-चार पावलं राइटच्या बाजूला सरकवा. दोघींच्या मधला उंच बॉल सेंटरवालीचाच, हे आधी ठरवून टाका, म्हणजे दोघी एकमेकींकडे बघत राहणार नाहीत.

तुमची मुलगी बॅटिंगला चांगली आहे म्हणालात, म्हणून डीपीचा (डेझिग्नेटेड प्लेयरचा) विचार केलाय का? फास्टपिचमध्ये डीपी नुसती बॅटिंग करू शकते आणि तिच्या बदल्यात "फ्लेक्स" म्हणून दुसरी मुलगी फील्डिंगला उभी राहते. फ्लेक्स पिचरच असली पाहिजे असंही नाही, कुठल्याही जागेची फील्डर चालते. पुढे गरज पडली तर डीपीला फील्डिंगलाही उतरवता येतं. मोठ्या मॅचसाठी हे चांगलं आहे. रोज मात्र असं करू नका, ती कधीच शिकणार नाही.

एक राहिलंच, तुम्ही सॉफ्टबॉलचा कुठला प्रकार खेळता ते लिहिलं नाहीत. वरचं सगळं फास्टपिचचं आहे. स्लोपिचला (बॉल हळू टाकायच्या प्रकाराला) दहा जणी फील्डिंगला असतात आणि बहुतेक ठिकाणी चोरून बेस घेता येत नाही, त्यामुळे तिथे कॅचरची जागा कच्च्या मुलीला देतात आणि ते चुकीचं नाही. फक्त होमवर थ्रो येणार असेल तेव्हा पिचरनं तिथे यायचं, एवढं ठरवा. फास्टपिचला हे करू नका, तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातातून सुटला आणि फर्स्ट रिकामा असला की बॅटर पळत सुटते. स्लोपिचची पिचर बॅटरच्या समोर उघडी उभी असते, तेव्हा जिची नजर आणि हात जलद नाहीत अशी मुलगी तिथेही नको, लागेल तिला. लहान मुलींची टीम असेल तर सगळ्यांना सगळीकडे फिरवा, वरचं काही लागू नाही.

पुढच्या प्रॅक्टिसला एक करा. बॉल मारायला सुरुवात राइटपासून करा, उजेड आहे तोवर. मग थर्डवालीला मुद्दाम फर्स्टच्या डोक्यावरून वीस थ्रो करायला लावा, आणि राइटवालीला त्या प्रत्येक थ्रोच्या मागे पळू द्या.