जावा प्रश्नोत्तरे: पावसाळ्यातला बिल्ड आणि बिलातली तुटकी वेलांटी

प्रश्न : पावसाळ्यात आमच्याकडे दोन-दोन दिवस इंटरनेट नसते. मेव्हनने (लायब्ररी नेटवरून आणून प्रोजेक्ट बांधणारे साधन) आधी ‘गो-ऑफलाइन’ करून ठेवतो, तरी ऐनवेळी बिल्ड, म्हणजे प्रोजेक्टची बांधणी, अडतो. मित्राच्या लॅपटॉपवरून पेनड्राइव्हवर आणलेल्या जार (जावा लायब्ररीच्या) फाइलीही मेव्हन ओळखत नाही. (गुहागर)

उत्तर : ‘डिपेंडन्सी:गो-ऑफलाइन’ ही कमांड पॉममध्ये (प्रोजेक्टच्या मेव्हन-फाइलीत) लिहिलेल्या लायब्रऱ्या आणि प्लगइन आणते. काही प्लगइन मात्र चालू झाल्यावर आणखी जार मागतात, ते तिला दिसत नाहीत. नेहमीचा अपराधी शुअरफायर, म्हणजे टेस्ट चालवणारा प्लगइन. तुमच्या टेस्ट जेयुनिट या टेस्ट-लायब्ररीच्या ५ वर आहेत की ४ वर, हे तो टेस्ट चालवताना पाहतो आणि त्यानुसार आपला जोड-जार उतरवतो. म्हणून नेट असताना गो-ऑफलाइननंतर एकदा पूर्ण ‘व्हेरिफाय’ चालवा, टेस्ट न वगळता. मग वाय-फाय बंद करा आणि ‘-ओ’ (ऑफलाइन) लावून तेच पुन्हा चालवा. हे दुसरे चालवणे टाळू नका, कारण काय राहिले ते तिथेच कळते. पॉममध्ये आवृत्त्यांच्या मर्यादा (अमुकपासून तमुकपर्यंत) लिहिल्या असतील तर त्या काढून नेमकी आवृत्ती लिहा.

नेट मधेच गेले तर वेगळीच गंमत होते. फसलेल्या डाउनलोडची नोंद मेव्हन ‘.लास्टअपडेटेड’ नावाच्या फाइलीत ठेवतो आणि नेट परत आले तरी ठरावीक काळ पुन्हा प्रयत्नच करत नाही. सेंट्रलसाठी (मेव्हनचे मुख्य ऑनलाइन भांडार) हा काळ साधारण एक दिवसाचा. अशा वेळी ‘-यू’ (पुन्हा तपासायला लावणारा पर्याय) लावून बिल्ड करा. उतरवलेल्या लायब्रऱ्या ठेवणारे सगळे ‘.एम२’ फोल्डर उडवण्याचा सल्ला बरेच जण देतात. गुहागरच्या नेटवर तो अजिबात ऐकू नका.

आता पेनड्राइव्ह. रिपॉझिटरीतल्या (‘.एम२’मधल्या साठ्यातल्या) प्रत्येक जारशेजारी ‘_रिमोट.रिपॉझिटरीज’ नावाची छोटी फाइल असते. हा जार कुठल्या आयडीच्या रिपॉझिटरीतून आला, हे तीत लिहिलेले असते. मित्राच्या सेटिंग्ज फाइलीत कंपनीचा मिरर (सेंट्रलऐवजी वापरायचा सर्व्हर) असेल आणि तुमच्याकडे साधे सेंट्रल, तर आयडी जुळत नाही आणि जार डोळ्यांसमोर असूनही मेव्हन तो नाकारतो. दोन्हीकडे मिररचा आयडी एकच ठेवा, किंवा आणलेल्या प्रतीतून या फाइली पुसून टाका. जारला हात लावू नका. प्रोजेक्ट मेव्हन रॅपरवर (ठरलेला मेव्हन स्वतः उतरवणारी स्क्रिप्ट) चालत असेल तर ‘.एम२’मधले ‘रॅपर’ फोल्डरही सोबत घ्या, नाहीतर खुद्द मेव्हनच उतरवायची वेळ येईल.

प्रश्न : आंब्याच्या पेट्यांचे बिल जावातून पीडीएफमध्ये काढतो. ‘देवगड हापूस’ बरोबर येते, पण ‘किलो’चे ‘कलिो’ होते आणि जोडाक्षरे फुटतात. फॉन्ट तीनदा बदलून पाहिला. (देवगड)

उत्तर : फॉन्ट बदलून हे सुटणार नाही. अक्षरांऐवजी चौकोन आले तर फॉन्ट नाही असे समजा. प्रश्नचिन्हे आली तर एन्कोडिंग (अक्षरे फाइलीत साठवण्याची पद्धत) चुकले आहे; जावा १८ पासून यूटीएफ-८ हेच डीफॉल्ट आहे, त्याआधीच्या जावात विंडोजवर फाइल वाचताना ते स्वतः सांगावे लागते. तुमचा आजार तिसरा आहे. फाइलीत आधी ‘क’ आणि मग पहिली वेलांटी असते. छापताना वेलांटी डावीकडे न्यायची, ‘त’ आणि ‘न’ जोडून ‘त्न’ करायचा, रफार वर चढवायचा, हे नियम फॉन्टमध्ये लिहिलेले असतात, पण ते अमलात आणायला शेपिंग करणारे इंजिन लागते. पुष्कळ पीडीएफ लायब्रऱ्या ते न करता अक्षरे आली तशी ओळीने मांडतात. मग वेलांटी शेजारच्या ‘ल’ला चिकटते. ‘देवगड हापूस’मध्ये ना जोडाक्षर, ना पहिली वेलांटी, म्हणून ते सुटले. तपासायला ‘रत्नागिरी’, ‘वेंगुर्ले’ आणि ‘दऱ्या’ घ्या. तिसरा शब्द अर्ध्या ऱ्यासाठी.

आमच्या मते सर्वांत कमी डोकेदुखीचा मार्ग असा : बिल एचटीएमएलमध्ये तयार करा आणि प्लेराइट फॉर जावातून (ब्राउझर कोडमधून चालवणारी लायब्ररी) क्रोमियम ब्राउझरला त्याचे पीडीएफ करायला लावा. क्रोमियममध्ये हार्फबझ हे शेपिंग इंजिन आहेच. ब्राउझर हेडलेस (खिडकीविना) ठेवा, आणि प्लेराइटची पीडीएफ सोय फायरफॉक्सवर शोधू नका. दर बिलाला नवा ब्राउझर उघडला तर हंगामात सर्व्हर बसेल. ब्राउझर एकच, पान मात्र नवे, आणि काम झाले की पान बंद. ‘प्रिंट बॅकग्राउंड’ चालू केले नाही तर तक्त्याच्या शीर्षकाचा रंग गायब होतो. लिनक्स सर्व्हरवर, विशेषतः डॉकरच्या छोट्या इमेजमध्ये, देवनागरी फॉन्ट बहुधा नसतोच. नोटो सान्स देवनागरी टाका आणि ‘एफसी-लिस्ट’ कमांडने तो दिसतो का ते पाहा. क्रोमियम जड आहे हे खरे, पण तुटकी वेलांटी असलेले बिल गिऱ्हाइकाला देण्यापेक्षा ते परवडते.

प्रश्न : मच्छीमार सोसायटीच्या डिझेल परताव्याची एक्सेल यादी अपाचे पीओआयने (जावातून एक्सेल फाइली वाचणारी-लिहिणारी लायब्ररी) वाचतो. मोबाइल नंबर ‘९.४ई९’सारखे येतात. मोठी यादी लिहिताना हीप स्पेस, म्हणजे जावाला दिलेली मेमरी, संपते. (हर्णै)

उत्तर : एक्सेलसाठी तो नंबर म्हणजे संख्या, आणि पीओआय ती डबल (दशांश संख्या) म्हणून देते. पेशीची संख्या थेट घेऊन तिची स्ट्रिंग करू नका. ‘डेटाफॉरमॅटर’ वापरा, तो एक्सेलमध्ये दिसते तसा मजकूर देतो. संख्या म्हणून भरलेल्या बोट क्रमांकाच्या किंवा खाते क्रमांकाच्या पुढचे शून्य मात्र एक्सेलनेच गिळलेले असते, ते कुठलीही लायब्ररी परत आणणार नाही. सोसायटीला देता त्या कोऱ्या नमुन्यातच तो रकाना ‘टेक्स्ट’ करून द्या.

लिहिताना पीओआयची ‘एक्सएसएसएफ’ ही पद्धत अख्खी वही (एक्सेल फाइल) मेमरीत धरते. ‘एसएक्सएसएसएफ’ घ्या, ती डीफॉल्टने शेवटच्या १०० ओळी मेमरीत ठेवून बाकीच्या डिस्कवर उतरवते. उतरलेल्या ओळीत मागे जाऊन बदल करता येत नाही, त्यामुळे वरची एकूण बेरीज आधीच काढून ठेवा. रकान्याची रुंदी आपोआप ठरवण्याच्या फंदात पडू नका, ठरावीक द्या. एकक अक्षराचा २५६वा भाग, म्हणजे २० अक्षरांना २० गुणिले २५६. शेवटी वही बंद करा, जुन्या आवृत्तीत ‘डिस्पोज’ही करा, नाहीतर टेंप फोल्डर भरत जाते.

प्रश्न : जावा २१ टाकल्यावर लॉम्बॉक (ठरावीक कोड आपोआप लिहून देणारी लायब्ररी) कंपाइललाच पडतो. (अलिबाग)

उत्तर : लॉम्बॉक १.१८.३० किंवा पुढचा घ्या. तो कंपायलरच्या आतल्या भागांना हात घालतो, म्हणून नव्या जावावर जुना चालत नाही. पुढे जावा २३ वर गेलात तर लॉम्बॉकसारखे अ‍ॅनोटेशन प्रोसेसर (कंपाइल करताना कोड तयार करणारी साधने) आपोआप चालत नाहीत. कंपायलर प्लगइनमध्ये ‘अ‍ॅनोटेशन प्रोसेसर पाथ्स’खाली लॉम्बॉक आत्ताच लिहून ठेवा, आणि मॅपस्ट्रक्ट (असाच दुसरा प्रोसेसर) वापरत असाल तर त्याचा प्रोसेसर आणि ‘लॉम्बॉक-मॅपस्ट्रक्ट-बाइंडिंग’ही तिथेच.