आधी रस्ता, मग मंच

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतचा आराखडा मिळाला. शहराच्या जुन्या मध्यवस्तीत कलासंध्या भरवण्याची जबाबदारी तुझ्यावर आली, याचा मला मनापासून आनंद झाला. आराखडा मी दोनदा वाचला. त्यात मंच आहे, प्रकाशयोजना आहे, कलावंतांची यादी आहे, प्रायोजकांचे फलक कोठे लागतील याची आकृतीही आहे. पण ज्या रस्त्यावर हे सगळे व्हायचे आहे, तो रस्ता एरवी कसा असतो याविषयी त्यात एकही ओळ नाही. म्हणून तुझ्या प्रश्नांची एकेक करून उत्तरे देण्याऐवजी या एकाच गोष्टीविषयी सविस्तर लिहितो आहे.

मध्यवस्तीतला रस्ता ही रिकामी जागा नसते. तेथे आधीपासूनच एक दिनक्रम चालू असतो आणि तुझा कार्यक्रम त्यात काही तासांसाठी शिरणार असतो. त्या संध्याकाळी किती गर्दी झाली यावरून तो साधला की फसला हे कळत नाही. पुढच्या आठवड्यातल्या एखाद्या साध्या मंगळवारी त्याच रस्त्यावर लोक थोडे अधिक रेंगाळतात का, एकमेकांना ओळख देतात का, कार्यक्रमात प्रथमच पाहिलेल्या कलादालनाचे दार पुन्हा ढकलून पाहतात का, यावरून ते कळते. गर्दी जमवणे तुलनेने सोपे असते, कारण मोठा आवाज, झगमगते दिवे आणि एखादे प्रसिद्ध नाव एवढ्यावर ती जमते. तिच्यातले काही रस्त्याच्या पदरात पडावे यासाठी मात्र रस्ता ठाऊक असावा लागतो.

तेव्हा पहिले काम म्हणजे त्या रस्त्यावर वेगवेगळ्या वेळी जाऊन नुसते उभे राहणे. पहाटे झाडणारे येतात, मग मालाच्या गाड्या लागतात, मग अर्ध्यावर उचललेल्या शटरखालून वाकून कोणी तरी दुकानात शिरते. कार्यालये सुटतात तेव्हा लोक कोणत्या बाजूने चालतात, उन्हाच्या की सावलीच्या? वृद्ध माणसे कोठे टेकतात? शाळेतून परतणारी मुले कोणत्या पायरीवर थांबतात? शहरांविषयी लिहिणाऱ्या लेखिका जेन जेकब्स यांनी 1961 मध्ये नगररचनेवर जे लिहिले, त्याचा पाया न्यूयॉर्कमधल्या आपल्याच राहत्या हडसन स्ट्रीटचे असे निरीक्षण हाच होता. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कारणांसाठी माणसे एकाच रस्त्यावर येत राहिली तर तो जिवंत आणि सुरक्षितही राहतो, आणि अशा वस्तीवर दुकानदार, रहिवासी, ये-जा करणारे अशा सर्वांचीच नजर असते, असे त्यांचे म्हणणे होते. तुझ्या वस्तीत दिवसाचा कोणता तास ओसाड पडतो ते शोध. अनेक शहरांच्या मध्यभागी कार्यालये बंद झाली की एकाएकी शुकशुकाट होतो. कलेचा कार्यक्रम त्या तासाला आणता आला तर तो रस्त्याच्या गरजेला धरून होईल. भर दुपारच्या वर्दळीत आणलास तर तोच कार्यक्रम लोकांना अडथळा वाटेल.

निरीक्षण म्हणजे अंदाज नव्हे, मोजदाद. शहरी जीवनाचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी 1970 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये चौकांवर आणि पदपथांवर कॅमेरे रोखून माणसे नेमकी काय करतात ते तासन्‌तास टिपले आणि पुष्कळ समज मोडीत काढले. ओळखीची दोन माणसे भेटली की बोलण्यासाठी बाजूला सरकतील असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ती रहदारीच्या ऐन मध्यावर थांबून बोलत राहतात, असे त्यांना दिसले. एखादी मोकळी जागा वापरली जाते की नाही, हे तिच्या सौंदर्यापेक्षा तेथे बसायची सोय किती आहे यावर अवलंबून असते, हे त्यांचे साधे वाटणारे अनुमान इतके ठोस ठरले की 1975 मध्ये न्यूयॉर्कने इमारतींपुढच्या चौकांसंबंधीचे नियमच बदलले. हलवता येणाऱ्या खुर्च्यांचा त्यांना विशेष जिव्हाळा होता, आणि तो मलाही आहे. माणूस खुर्ची वीतभर सरकवतो, पुन्हा होती तेथेच ठेवतो आणि मग बसतो. त्या एवढ्याशा हालचालीत ही जागा आपली असल्याचा भाव असतो. तुझ्या आराखड्यात पाहुण्यांसाठी रांगेत बांधलेल्या खुर्च्या आहेत आणि बाकीच्यांसाठी दोरखंड आहेत. दोरखंड काढून टाक. पुढे जागा मोकळी ठेव आणि सुट्या खुर्च्या आसपास विखरून दे. कोणी कोठे बसावे हे लोक स्वतःच ठरवतात, आणि बहुधा चांगले ठरवतात.

व्हाइट यांचे आणखी एक निरीक्षण तुझ्या कामाच्या अगदी गाभ्याशी आहे. रस्त्यावर एखादा वादक, एखादे विचित्र शिल्प किंवा एखादा नकलाकार असला की अनोळखी माणसे एकमेकांशी बोलू लागतात. सार्वजनिक जागेतल्या कलेचे याहून मोठे काम मला तरी माहीत नाही. दालनात चित्रापुढे उभी असलेली दोन माणसे बहुधा गप्प राहतात. तीच रस्त्यावर जादूगाराच्या हातातला पत्ता नाहीसा झाला की शेजाऱ्याकडे वळून ‘कसे केले असेल?’ असे विचारतात. म्हणून कार्यक्रम निवडताना त्यातून असे विचारणे घडेल का, हे पाहा. मंचावरून श्रोत्यांच्या अंगावर येणाऱ्या प्रचंड आवाजातून ते घडत नाही, कारण तेथे शेजाऱ्याचे बोलणे ऐकूच येत नाही.

रस्त्यावर खेळ करणाऱ्या कसलेल्या कलावंताला एकदा आरंभापासून शेवटपर्यंत पाहा. आयोजनाचे निम्मे शिक्षण तेथेच होईल. तो आला तेव्हा त्याच्यासमोर कोणीही नसते. तो लगेच खेळ सुरू करत नाही. सामान सावकाश मांडतो, जमिनीवर दोर टाकून किंवा खडूने रेघ ओढून सीमा आखतो, आणि पहिल्या थांबलेल्या दोन-तीन माणसांना नेमके त्या रेघेवर आणून उभे करतो. ती माणसे रेघेवर आली की मागून येणाऱ्याला दुरूनच एक कड दिसते, आणि कड दिसली की माणूस तिच्यापाशी थांबतो. मुलांना तो पुढे खाली बसवतो, म्हणजे मागच्यांना दिसते आणि आईवडीलही अडकून राहतात. मग टाळ्या वाजवायला लावतो. त्या चालू खेळासाठी नसून पलीकडच्या कोपऱ्यावरून जाणाऱ्यांसाठी असतात. सर्वांत अवघड करामत तो शेवटी ठेवतो आणि ती करण्याच्या ऐन आधी थांबून, आपले पोट या टोपीवर चालते, हे स्पष्ट शब्दांत सांगतो. लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये 1662 मध्ये कठपुतळीचा खेळ पाहिल्याची नोंद सॅम्युअल पीप्स यांच्या रोजनिशीत आहे, आणि त्याच चौकात आजही असे खेळ होतात. इतकी जुनी विद्या तुझ्या वस्तीत कोणाला अवगत असेल तर त्याला कार्यक्रमाच्या दिवशी ‘अनधिकृत’ म्हणून हटवू नकोस. जो तेथे बाराही महिने उभा राहतो, त्याला यादीत पहिले स्थान द्यावे असे माझे ठाम मत आहे.

कडेच्या दुकानदारांविषयी तू लिहितोस की ते रस्ता बंद करण्यास राजी नाहीत. हा विरोध नवा नाही, आणि तो केवळ आडमुठेपणाचा असतो असेही नाही, कारण गिऱ्हाईक तुटण्याची भीती खरी असते. कोपनहेगनमध्ये 1962 मध्ये स्ट्रॉगेट हा मध्यवर्ती रस्ता मोटारींना बंद केला तेव्हा, रस्त्यावर रमणे हा आमचा स्वभावच नव्हे, असे तेथे म्हटले गेले. कालांतराने तोच रस्ता शहराच्या जीवनाचा कणा ठरला. वास्तुविशारद यान गेल यांनी तेथे वर्षानुवर्षे माणसे मोजली आणि रस्त्यावरच्या वावराचे तीन प्रकार पाडले : करावाच लागणारा, मर्जीने केलेला आणि इतरांच्या सहवासातून आपोआप घडणारा. जागा वाईट असली तरी पहिला चालूच राहतो, पण उरलेले दोन आटतात. दुकानदारांशी बोलताना ही तिहेरी वाटणी कामी येईल, कारण त्यांचा धंदा बराचसा दुसऱ्या प्रकारच्या माणसावर चालतो.

ब्राझीलमधल्या कुरितिबा शहरात महापौर जैमे लेर्नेर यांनी 1972 मध्ये मुख्य बाजारपेठेचा रस्ता अवघ्या 72 तासांत पादचाऱ्यांसाठी मोकळा केला. काम शुक्रवारी संध्याकाळी सुरू झाले, म्हणजे विरोधाला संघटित व्हायला वेळच मिळाला नाही. पुढे मोटारवाले आपल्या गाड्या घेऊन रस्ता परत मिळवायला येणार असे कळले, तेव्हा त्यांना अडवायला पोलीस उभे केले नाहीत. रस्त्यावर कागदाचे लांबच लांब पट्टे अंथरले आणि शेकडो मुलांना चित्रे काढायला बसवले. ही हकिकत मला फार आवडते, कारण येथे कला सजावटीसाठी नव्हती, ती रस्त्याचा मालक कोण या प्रश्नाचे उत्तर होती. मात्र रातोरात काम उरकण्याची पद्धत तू उचलू नकोस. महापौराकडे जे अधिकार असतात ते तुझ्याकडे नाहीत, आणि तुला याच लोकांकडे पुढच्या वर्षीही जायचे आहे. प्रत्येक दुकानात स्वतः जा, मालाची गाडी किती वाजता येते ते विचार, आणि त्या वेळेला रस्ता खुला राहील असे लेखी दे.

परवानग्या, अग्निशमन वाहनाची वाट, चाकाच्या खुर्चीला पुरेल एवढा सलग पदपथ, स्वच्छतागृहे आणि कचरा यांविषयी फार लिहीत नाही. ते तू करशीलच. एवढेच सांगतो की सामान उतरवताना पदपथ अडतो तो नेहमी चाकाची खुर्ची चढवायच्या उताराच्या तोंडाशीच, तेव्हा तेथे एक माणूस उभा ठेव.

रहिवाशांचा विचार तुझ्या आराखड्यात फक्त ‘ध्वनिमर्यादा’ या शब्दात आहे. मध्यवस्तीत दुकानांच्या वरच्या मजल्यांवर माणसे राहतात, आणि त्यांच्याकडे केवळ तक्रार करणारे म्हणून पाहिले की ती तक्रारच करतात. फ्रान्समधल्या ल्यों शहरात 8 डिसेंबर 1852 रोजी, फूर्व्हिएरच्या टेकडीवर येशूची माता मेरी हिच्या पुतळ्याचे अनावरण होते त्या दिवशी, लोकांनी आपापल्या खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या. आज जगभरातून लोक ज्यासाठी तेथे जातात तो दीपोत्सव त्यातूनच वाढला. सांगायचे एवढेच की खिडक्या कार्यक्रमात सहभागी होऊ शकतात. वरच्या मजल्यावर कोणी सतार वाजवत असेल, कोणाकडे त्या रस्त्याची जुनी छायाचित्रे असतील, कोणाला आपल्या सज्जातून मुलांना गोष्ट सांगायला आवडेल. एक ध्वनिक्षेपक कमी कर आणि तीन सज्जे मिळव.

आता पैशांविषयी, कारण या बाबतीत माझ्या मनात राग आहे आणि तो मी लपवणार नाही. तुझ्या अंदाजपत्रकात मंडप, दिवे, सुरक्षारक्षक आणि छपाई या सर्वांना रक्कम आहे. स्थानिक चित्रकार आणि वादक यांच्यापुढे ‘प्रसिद्धी’ असे लिहिले आहे. मंडपवाल्याला प्रसिद्धी देऊन मंडप मिळत नाही. रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती ठरलेली असावी, आधी सांगितलेली असावी आणि कार्यक्रमाच्याच दिवशी हाती पडावी. त्यासाठी दोन कार्यक्रम कमी करावे लागले तर कमी कर.

आणि याच्याशीच जोडलेली एक अवघड बाब आहे. न्यूयॉर्कच्या सोहो भागात 1960 च्या दशकात ओस पडलेल्या कारखान्यांच्या माळ्यांवर कलावंत येऊन राहू लागले. 1971 मध्ये नियम बदलून त्यांच्या राहण्याला मान्यता मिळाली, दालने आली, मग पाहणारे आले, मग महागडी दुकाने आली आणि भाडी वाढत गेली. 1990 च्या दशकात कित्येक दालनांनी चेल्सी भागात मुक्काम हलवला. कलेने वस्तीला मोल आणले आणि त्या मोलापायी कलावंतांनाच बाहेर पडावे लागले. एका संध्याकाळच्या कार्यक्रमाने असे काही होत नाही, पण जमीनजुमल्याच्या जाहिरातींत तुझ्या कार्यक्रमाची छायाचित्रे दिसू लागतात तेव्हा त्याची सुरुवात झालेली असते. प्रायोजक निवडताना हे ध्यानात ठेव. ज्याला ती वस्ती रिकामी करून हवी आहे, त्याच्या पैशांतून तिचा उत्सव करू नये, मग त्याची रक्कम कितीही मोठी असो. तू ज्या तिघांची नावे कळवली आहेस, त्यांपैकी प्रत्येकाची त्या भागात कोठे कोठे मालमत्ता आहे ते आधी पाहून घे.

आराखडा फिरून करशील तेव्हा त्याचा आरंभ रस्त्याच्या नकाशाने कर. त्यावर चार वेळांची माणसांची मोजदाद, बसायच्या जागा, मालाच्या गाड्यांच्या वेळा आणि वरच्या मजल्यांवरच्या राहत्या खिडक्या दाखव. मोजदाद कार्यक्रमाआधीच्या एका मंगळवारची असू दे, आणि कार्यक्रमानंतरच्या मंगळवारी ती त्याच जागी उभे राहून पुन्हा घ्यायला कोण जाणार, त्याचे नावही आताच लिहून ठेव. हे सगळे माझ्या हाती आले की मंच किती उंच असावा, या तुझ्या प्रश्नाकडे वळू. तो मुळात लागेल की नाही, हेही तेव्हाच ठरवता येईल.

तुझा शुभचिंतक