आतला कपडा बाहेर कसा आला? टी-शर्टविषयी वाचकांचे प्रश्न

पोशाखांच्या इतिहासाविषयी वाचकांची जी पत्रे येतात, त्यांत टी-शर्टबद्दलची पत्रे बरीच होती. त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : माझा मुलगा नाट्यशास्त्र शिकतो. मार्लन ब्रँडो या अमेरिकन नटाने टी-शर्टची फॅशन सुरू केली, असे तो सांगतो. एका नटामुळे साऱ्या जगाचा पोशाख बदलतो, हे खरे मानावे का? (एक वाचक, सातारा)

ब्रँडोचा वाटा मोठा आहे, हे मान्य करायलाच हवे. मात्र तो टी-शर्ट घालून रंगमंचावर आला, तोपर्यंत अमेरिकेतील बंदरांवर, कारखान्यांत आणि लष्करी छावण्यांत लोक हा कपडा उघडपणे वापरत होते. श्रेय द्यायचे तर ते आधी त्या लोकांना द्यावे लागेल, आणि त्यासाठी थोडे मागे जाऊ.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत पुरुष थंडीसाठी मनगटापासून घोट्यापर्यंत येणारा, पुढे बटणे असलेला अखंड अंतर्वस्त्राचा जोड घालत. त्याला ‘युनियन सूट’ म्हणत. उकाड्यात काम करणाऱ्यांना तो नकोसा होई. पुढे वरचा आणि खालचा भाग वेगळे झाले आणि वरच्या भागाची बटणेही गेली. हे बटण जाणे मला फार महत्त्वाचे वाटते. मागावर विणलेले कापड ताणले जात नाही, म्हणून सदऱ्याला गळ्यापाशी उघड ठेवावी लागते. सुयांवर टाके घालून विणलेले कापड मात्र डोक्यावरून ओढताना पसरते आणि पुन्हा जागेवर येते. 1904 साली कूपर या अंतर्वस्त्रांच्या अमेरिकन कंपनीने, जी पुढे जॉकी या नावाने ओळखली गेली, अशा बिनबटणांच्या गंजीची जाहिरात खास अविवाहित पुरुषांसाठी केली होती. तुटलेले बटण लावायला घरात कोणी नाही आणि स्वतःला सुईदोरा धरता येत नाही, अशा माणसाची सोय त्या जाहिरातीने हेरली होती.

याच सुमारास अमेरिकन नौदलाने आखूड बाह्यांची, गोल गळ्याची, पांढरी सुती गंजी गणवेशाच्या आत घालण्यासाठी स्वीकारली. त्यासाठी साधारणपणे 1913 हे वर्ष दिले जाते. जहाजाच्या तळाशी, इंजिनाच्या उष्णतेत काम करणारे खलाशी वरचा गणवेश काढून ठेवत आणि गंजीवरच राबत. गंजी हलकी होती, घाम टिपत असे, आणि धुतल्यावर लवकर वाळे. गोदी कामगारांनी आणि शेतमजुरांनीही तिचा स्वीकार केला तो याच गुणांमुळे. 1938 मध्ये सीअर्स या मोठ्या व्यापारी कंपनीने खलाशांच्या नावाने अशी गंजी 24 सेंटला विकायला काढली आणि ती आतही घालता येते, बाहेरही घालता येते, असे ग्राहकांना सांगितले. 13 जुलै 1942 च्या ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तर हवाई दलाच्या तोफखाना प्रशिक्षणशाळेचे नाव छापलेला टी-शर्ट घातलेला जवान झळकला. दुसऱ्या महायुद्धानंतर घरी परतलेल्या लाखो सैनिकांना गंजीवर अंगणात वावरण्यात काही गैर वाटेनासे झाले होते.

यानंतर, डिसेंबर 1947 मध्ये, ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ हे टेनेसी विल्यम्स यांचे नाटक न्यूयॉर्कमध्ये रंगमंचावर आले. त्याच्या वेशभूषाकार ल्युसिंडा बॅलर्ड यांना ब्रँडोच्या वेशाची कल्पना रस्ता खणणाऱ्या, घामाने आणि मातीने कपडे अंगाला चिकटलेल्या मजुरांवरून सुचली. तसा अंगासरशी बसणारा टी-शर्ट दुकानात मिळत नव्हता. म्हणून तो पुनःपुन्हा धुऊन आटवला आणि शिवून घट्ट केला. याच नाटकावरच्या 1951 च्या चित्रपटामुळे तो वेश जगभर पोहोचला आणि 1955 मध्ये जेम्स डीनने तो तरुणांच्या बंडखोरीशी जोडला. कष्टकऱ्याच्या अंगावर जो कपडा कोणाच्या लक्षातही येत नव्हता, त्याकडे प्रेक्षकांना टक लावून पाहायला लावणे हे या नटांचे खरे काम होते, आणि ते लहान मुळीच नाही. आपल्या मुलाला ब्रँडोबरोबर ल्युसिंडा बॅलर्ड हे नावही अवश्य सांगावे.

प्रश्न : माझे वडील बनियनला ‘गंजीफ्रॉक’ म्हणत. हा शब्द कोठून आला? आणि टी-शर्टमधला ‘टी’ कशाचा? (एक वाचिका, ठाणे)

आपल्या वडिलांचा शब्द जपून ठेवण्याजोगा आहे. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधल्या समुद्रात गर्न्सी आणि जर्सी अशी दोन बेटे आहेत. तेथील विणकाम प्रसिद्ध होते आणि कोळी व खलाशी वापरत असलेल्या विणलेल्या अंगरख्याला इंग्रजीत ‘गर्न्सी फ्रॉक’ म्हणत. त्याचेच आपल्याकडे गंजीफ्रॉक झाले, तर बंगाली आणि हिंदीत नुसते ‘गंजी’ उरले. दुसऱ्या बेटाचे नाव त्या कापडालाच मिळाले: टी-शर्टचे नेहमीचे कापड आजही होजिअरी व्यवसायात ‘सिंगल जर्सी’ म्हणूनच ओळखले जाते. आपल्याकडच्या गोठ्यांतील जर्सी गायीचे मूळही त्याच बेटावरचे. ‘बनियन’ या शब्दाचा प्रवास मात्र उलट दिशेचा आहे. आपल्या वाणी-बनिया व्यापाऱ्यांच्या नावावरून युरोपीय लोकांनी त्यांच्यासारख्या सैल वस्त्राला ते नाव दिले, आणि पुढे तेच नाव आतल्या गंजीला चिकटले.

‘टी’ हा आकाराचा आहे. बाह्या पसरून कपडा जमिनीवर ठेवला, तर रोमन लिपीतील टी हे अक्षर दिसते. छापील इंग्रजीतील या शब्दाचा सर्वांत जुना ज्ञात वापर एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड यांच्या 1920 च्या पहिल्या कादंबरीत आहे. शाळेच्या वसतिगृहात निघालेल्या मुलाच्या सामानाच्या यादीत, उन्हाळी-हिवाळी अंतर्वस्त्रांच्या पाठोपाठ, ‘एक स्वेटर किंवा टी शर्ट’ असा त्याचा उल्लेख येतो.

प्रश्न : टी-शर्टवर अक्षरे आणि चित्रे कधीपासून छापू लागले? पूर्वी कपड्यावर मजकूर असणे ही फॅशन नव्हती. (एक वाचक, नाशिक)

टी-शर्ट वर्तमानपत्रासारखा वाचला जाऊ लागला, तेव्हाच तो फॅशनच्या इतिहासात खऱ्या अर्थाने वेगळा ठरला, असे माझे मत आहे. म्हणून या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देतो.

लष्करी शाळांची नावे छापलेले टी-शर्ट 1942 पर्यंत प्रचारात होते, हे वर आलेच आहे. राजकारण्यांनीही ही जागा लवकर ओळखली. 1948 च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत न्यूयॉर्कचे गव्हर्नर थॉमस ड्यूई यांच्या प्रचारासाठी त्यांच्या नावावर शब्दखेळ करणारे वाक्य मुलांच्या टी-शर्टवर छापले गेले होते. ड्यूई ती निवडणूक हरले, पण तो टी-शर्ट स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात जाऊन बसला.

यात अडचण शाईची होती. पाण्यात कालवलेली शाई छपाईच्या जाळीवरच वाळून छिद्रे बुजवते, आणि ताणल्या जाणाऱ्या कापडावरचे छापील अक्षर धुण्यात टिकत नाही. 1959 च्या सुमारास प्लास्टिसॉल ही शाई आली आणि हे दोन्ही प्रश्न सुटले. हिच्यात प्लास्टिकचे सूक्ष्म कण तेलासारख्या द्रवात मिसळलेले असतात. ती हवेत वाळत नाही. साधारण 160 अंश सेल्सिअसची उष्णता दिली की कापडावर पक्की होते आणि कापडाबरोबर ताणली जाते. चौकटीवर ताणलेल्या जाळीतून रबरी पट्टीने शाई ओढायची, हे स्क्रीन प्रिंटिंगचे तंत्र जुनेच होते. मात्र प्रत्येक रंगाला वेगळी जाळी लागते आणि सगळे रंग जुळवून एकावर एक बसवावे लागतात. मायकेल व्हॅसिलँटोन या अमेरिकन गृहस्थांनी 1960 मध्ये गोल फिरणारे बहुरंगी छपाई यंत्र तयार केले, ज्यात कपडा एकदा बसवला की एकेक रंगाची जाळी आळीपाळीने त्यावर येते. त्याचे पेटंट त्यांना 1969 मध्ये मिळाले. अशा यंत्रांमुळे गॅरेजएवढ्या जागेत, थोड्या भांडवलावर, कोणालाही आपले म्हणणे शंभर छात्यांवर छापता येऊ लागले.

अनेक गाजलेल्या चित्रांची लोकप्रियता या तंत्राच्या संदर्भात पाहिली पाहिजे. क्रांतिकारक चे गव्हेरा यांचे छायाचित्र अल्बेर्तो कोर्दा यांनी 5 मार्च 1960 रोजी हवाना येथे टिपले. 1968 मध्ये आयरिश चित्रकार जिम फिट्झपॅट्रिक यांनी त्यातील करड्या छटा काढून टाकून केवळ गडद आणि उजळ भाग ठेवले. अशा चेहऱ्याला एकच जाळी आणि एकच शाई पुरते. जगभरच्या छोट्या छापखान्यांना तो इतका सोयीचा का ठरला, हे यावरून समजते. न्यूयॉर्क राज्यासाठी मिल्टन ग्लेझर यांनी 1970 च्या दशकात केलेले, तीन अक्षरे आणि मध्ये लाल बदाम असलेले चिन्हही दोनच रंगांत भागते. ग्लेझर यांनी त्याचे पैसे घेतले नव्हते.

मजकुराचा सर्वांत धीट वापर मात्र ब्रिटिश फॅशन डिझायनर कॅथरिन हॅम्नेट यांचा. 1984 मध्ये पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी दिलेल्या स्वागतसमारंभात त्या वरचा कोट मिटून गेल्या आणि हस्तांदोलनाच्या वेळी तो उघडला. आत छातीपासून खालपर्यंत ठसठशीत अक्षरांत, 58 टक्के लोकांना पर्शिंग (अमेरिकेची अण्वस्त्रवाहू) क्षेपणास्त्रे नकोत, असे लिहिले होते. लांबून वाचता यावीत एवढी मोठी अक्षरे ठेवायची, हा त्यांचा नियमच होता. आतला कपडा दाखवण्यात पूर्वी जो संकोच होता, तोच त्यांनी निषेधाचे साधन म्हणून वापरला, आणि थॅचर यांच्यासमोरचे ते छायाचित्र आजही पाहावे असे आहे.

प्रश्न : आपल्याकडचे बहुतेक टी-शर्ट तिरुपूरचे असतात. हे शहर या व्यवसायात कसे आले? (एक वाचिका, सोलापूर)

तमिळनाडूतील तिरुपूरचा इतिहास म्हणजे टी-शर्टच्याच इतिहासाची भारतीय आवृत्ती आहे. कोइंबतूरच्या सूतगिरण्या जवळ असल्याने येथे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात होजिअरीचे छोटे कारखाने निघाले आणि अनेक दशके ते मुख्यतः देशातल्या बाजारासाठी पांढरे बनियन विणत राहिले. 1970 च्या दशकाच्या अखेरीस परदेशी खरेदीदार येथे येऊ लागले, आणि बनियन विणण्याच्या त्याच गोल यंत्रांवर, त्याच कारागिरांच्या हातून, थोडे जाड कापड व वेगळी मापे घेऊन निर्यातीचे टी-शर्ट तयार होऊ लागले.

रंगीत टी-शर्टची किंमत नोय्यल नदीने मोजली. पांढऱ्या बनियनला ब्लीच पुरे. रंगाला डाइंग लागते, आणि त्यात वापरले जाणारे मीठ व रसायने पाण्याबरोबर नदीत आणि तेथून शेतकऱ्यांच्या विहिरींत उतरली. शेतकऱ्यांनी दीर्घ लढा दिला. जानेवारी 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने, सांडपाण्याचा थेंबही बाहेर जाणार नाही अशी व्यवस्था होईपर्यंत तेथील डाइंग आणि ब्लीचिंगचे कारखाने बंद ठेवण्याचा आदेश दिला. टी-शर्टचा इतिहास नट आणि वेशभूषाकार यांच्या नावांनी सांगितला जातो. त्यात या शेतकऱ्यांनाही जागा हवी, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : दोनचार धुण्यांनंतर टी-शर्टची बाजूची शिवण फिरून पोटावर येते. ही शिलाईची चूक आहे का? (एक वाचिका, कोल्हापूर)

शिवणाऱ्याचा दोष क्वचितच असतो. कारण सुतात आहे. आपण स्वेटर विणत असाल तर हे लगेच लक्षात येईल. सिंगल जर्सीत दर्शनी बाजूला सगळे टाके सुलट आणि मागे सगळे उलट असतात. एकेरी सुताला दिलेला पीळ उलगडू पाहतो आणि प्रत्येक टाका एकाच बाजूला किंचित कलतो. कारखान्यात कापड ओढून, इस्त्री करून सरळ केलेले असते. पाण्यात पडल्यावर टाके आपल्या मूळ कलावर जातात, आणि त्यांच्याबरोबर शिवणही फिरते. गळ्याच्या पट्टीत सुलट आणि उलट टाके आळीपाळीने येत असल्यामुळे दोन्हींचा कल एकमेकांना सावरतो, म्हणून ती पिळवटत नाही.

सुताला वाफ देऊन पीळ स्थिर करणे, दोन धागे उलट पिळात एकत्र करून वापरणे, किंवा बेतण्यापूर्वी कापड सैल सोडून आटवून घेणे, हे यावरचे उपाय आहेत आणि ते सगळे कारखान्यातच करावे लागतात. फार स्वस्त मालात यांपैकी काही ना काही टाळलेले असते. नळीसारखे अखंड विणलेले, बाजूला शिवणच नसलेले टी-शर्टही मिळतात. त्यांतले टाके तसेच कलतात, फक्त ते दाखवून द्यायला शिवण नसते. घरी एवढेच करता येईल की, टी-शर्ट ओला असताना खांदे आणि खालची कड हलक्या हाताने उलट दिशेला ओढून तो सपाट पसरून वाळवावा. पुढच्या धुण्यानंतर हे पुन्हा करावे लागेल.