जलसंजीवनीत साखर कशाला?

प्रश्न दोन विचारलेत, पण उत्तर एकच आहे. पेशीपटल चरबीचं असताना पाण्यात विरघळणारी साखर त्यातून जाते कशी? आणि जुलाबात नुसतं मीठपाणी का चालत नाही?

साखर त्या चरबीतून जातच नाही, हे आधी पक्कं करा. पटल म्हणजे फॉस्फोलिपिडच्या रेणूंचा दुहेरी थर, जाडी जेमतेम 7-8 नॅनोमीटर. रेणूंची डोकी पाण्याकडे आणि पाणी टाळणाऱ्या शेपट्या मध्ये दडलेल्या. ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड त्यातून आरामात पार होतात, पाणी थोडंफार झिरपतं. सोडियमवर विद्युतभार असतो, ग्लुकोज पाण्याचं सोयरं. दोघांनाही त्या तेलकट भागात थारा नाही. त्यांची ये-जा पटलात रुतलेल्या प्रथिनांमधून होते.

आता लहान आतड्याची एक पेशी घ्या आणि सुरुवात रक्ताकडच्या बाजूने करा. (उलट क्रमाने वाचलं की बहुतेकांचा घोळ होतो.) तिथला सोडियम-पोटॅशियम पंप एक एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) खर्चून 3 सोडियम बाहेर टाकतो आणि 2 पोटॅशियम आत घेतो. त्यामुळे पेशीत सोडियम कायम कमी. अन्न येतं त्या पोकळीकडच्या बाजूला एसजीएलटी-1 नावाचं वाहक प्रथिन असतं. त्यात 2 सोडियम आणि 1 ग्लुकोज बसलं की त्याचा आकार पालटतो आणि तिघंही आत सुटतात. ग्लुकोज नसेल तर सोडियमला ही वाट बंद. पुढे ग्लुकोज जीएलयूटी-2 मधून, ऊर्जा न लागता, रक्ताकडे उतरतं, सोडियम पंप काढतो आणि त्यांच्यामागून परासरणाने, म्हणजे विरघळलेले कण जास्त असतील त्या बाजूला, पाणी जातं.

कॉलऱ्याचं विष पेशीतल्या क्लोराइडच्या वाहिन्या उघड्या ठेवतं, म्हणून क्लोराइड आतड्यात वाहतं आणि त्यामागून पाणी लोटतं. साधं मीठ शोषण्याची वाटही मंदावते. एसजीएलटी-1 मात्र शाबूत राहतं. सगळी जलसंजीवनी (ओआरएस, जुलाबात पाजायचं साखर-मीठ-पाणी) या एका प्रथिनावर उभी आहे. 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन अपुरं पडलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच द्रावण तोंडाने देऊन असंख्य लोक वाचवले.

जागतिक आरोग्य संघटनेचं 2002 पासूनचं प्रमाण, 1 लिटरला: मीठ 2.6 ग्रॅम, ग्लुकोज 13.5, पोटॅशियम क्लोराइड 1.5, ट्रायसोडियम सायट्रेट 2.9. यात सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही 75 मिलिमोल येतात, एकूण परासारिता (विरघळलेल्या कणांचं प्रमाण) 245. रक्ताची साधारण 290 असते, म्हणजे द्रावण किंचित अवपरासारी, रक्तापेक्षा पातळ. पाणी आतड्यातून रक्ताकडेच जाणार.

घरी करायचं तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 6 सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. आपली साखर म्हणजे सुक्रोज. आतड्याच्या पेशीवरचं विकर (एन्झाइम) तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं. फ्रुक्टोज वेगळ्या वाहकातून जातं, सोडियम ओढत नाही. यात पोटॅशियम नसतं, त्यामुळे जलसंजीवनीची तयार पुडी मिळत असेल तर पुडीच घ्या.

चुका ठरलेल्या असतात. "ताकद येईल" म्हणून साखर वाढवली की द्रावण अतिपरासारी, म्हणजे रक्तापेक्षा दाट होतं, उलट रक्तातलं पाणी आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. गोड शीतपेयांचंही तेच, शिवाय त्यांत सोडियम नगण्य. लिटरची पुडी पेलाभर पाण्यात ओतणं तर लहान मुलांना धोक्याचं. रक्तातलं सोडियम चढतं. पुडीवरचा आकडा वाचा, 200 मिलिलिटरच्या पुड्याही मिळतात. घरचं द्रावण अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून द्या. 24 तासांनंतर उरलेलंही टाका. बाळ पीत नसेल, सुस्त असेल, लघवी थांबली असेल किंवा शौचात रक्त असेल तर घरी थांबू नका.

आणि जुलाब थांबले नाहीत म्हणून हे द्रावण बंद करू नका. क्लोराइडच्या वाहिन्या त्याने मिटत नाहीत; ते फक्त गेलेलं पाणी दुसऱ्या वाटेने भरून काढतं.